बुर्साचे रेशीम आणि नोंदवहीतली माणसे

महमूद गवान आपल्याला आठवतो तो बिदरच्या मदरशामुळे. पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला तीन-चार वाक्ये येतात: बहमनी राज्याचा इराणी वजीर, कोकणातल्या किल्ल्यांवरची मोहीम, १४७२ मध्ये गोव्यावर मिळवलेला ताबा, आणि १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने केलेला त्याचा शिरच्छेद. याच गवानचे गुमास्ते १४८० च्या आगेमागे हिंदुस्थानी कापडाचे गठ्ठे घेऊन अनातोलियातल्या बुर्सा शहरात व्यापार करत होते आणि त्यांतले काही जण पुढे बाल्कन प्रदेशातही गेले होते, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. तुर्की इतिहासकार हलील इनाल्जिक यांनी ही गोष्ट उजेडात आणली, तीही कुठल्या बखरीतून किंवा राजपत्रातून नव्हे, तर बुर्साच्या काझीच्या दप्तरातून.

बुर्साविषयी लिहायचे तर या दप्तरापासूनच सुरुवात करावी असे मला वाटते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या या नोंदवह्या, ज्यांना तिकडे ‘सिजिल’ म्हणतात, बऱ्याच प्रमाणात टिकून आहेत. कोण कोणाला किती देणे लागतो, कोण मेला आणि त्याच्या घरात काय सापडले, कोणी बायकोला तलाक दिला, कोणी गुलामाला मुक्त केले, असा सगळा संसार त्यांत उतरलेला आहे. सुलतानांचा इतिहास लिहायला दरबारी लेखक होते. शहराचा इतिहास मात्र काझीसमोर उभ्या राहिलेल्या माणसांनी, आपण इतिहास लिहितो आहोत याची कल्पना नसताना, लिहून ठेवला. मराठीतल्या तुर्कस्तानच्या प्रवासवर्णनांत बुर्सा बहुधा इस्तंबूलहून केलेल्या एका दिवसाच्या सहलीपुरते येते: हिरवी कबर, मोठी मशीद, कबाब, रेशमी रुमालाची खरेदी. त्या रुमालामागे कोण बसले होते, हा प्रश्न सहलीच्या वेळापत्रकात बसत नाही.

शहर वसले आहे ते जुन्या मिसियन ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी. बायझंटाइन काळात या डोंगरावर ख्रिस्ती मठ होते, म्हणून तुर्कांनी त्याला ‘केशिश दागी’, म्हणजे जोग्यांचा डोंगर, असे नाव दिले. आजचे ‘उलुदाग’ (थोर डोंगर) हे नाव १९२५ चे. १३२६ मध्ये ओरहानने शहर घेतले आणि ते उस्मानी घराण्याची राजधानी झाले. पाच-सहा वर्षांनी इब्न बतूता तेथे आला. (हाच पुढे दिल्लीत महंमद तुघलकाचा काझी झाला आणि दौलताबाद पाहून कोकण किनाऱ्यावरही उतरला.) त्याच्या नजरेत भरले ते बुर्साचे उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, त्यांवर बांधलेली पुरुषांची व बायकांची वेगवेगळी न्हाणीघरे, आणि ‘अखी’ मंडळींचे आतिथ्य. अखी म्हणजे कारागिरांचे बंधुसंघ. दिवसभर धंदा करायचा, संध्याकाळी मिळकत एकत्र करायची आणि परदेशी वाटसरूला जेवू घालायचे, अशी त्यांची रीत होती.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी एदिर्नेला गेली आणि पुढे इस्तंबूलला. १४०२ मध्ये तैमूरच्या फौजांनी बुर्सा लुटले. राजधानी गेली की शहरे मरतात, निदान सुकतात. आपल्याकडे बिदर-दौलताबादची उदाहरणे आहेतच. बुर्सा सुकले नाही, कारण तोवर ते रेशमाचे झाले होते.

हे रेशीम सुरुवातीला बुर्साचे नव्हतेच. इराणच्या कास्पियन किनाऱ्यावरच्या गिलान, अस्तराबाद या भागांतले कच्चे रेशीम तबरीझमार्गे उंटांच्या तांड्यांनी येई. बुर्सात आल्यावर ते सरकारी काट्यावर तोलले जाई, त्यावर कर बसे आणि मगच विक्री होई. विकत घेणाऱ्यांत स्थानिक विणकर होते, तसे फ्लोरेन्स आणि जेनोआचे व्यापारीही होते. दुसऱ्या बायझिदने १४९१ मध्ये ‘कोझा हान’ ही व्यापारी सराई बांधली ती याच ओघासाठी. कोझा म्हणजे कोष. मधे चौक, भोवती दोन मजली ओवऱ्या, नव्वदहून अधिक खोल्या, आणि चौकाच्या मध्यावर खांबांवर उचललेली छोटीशी मशीद. तिच्या खाली वजू करण्यासाठी पाण्याचा हौद. या सराईचे भाडे जाई ते इस्तंबूलमधल्या बायझिदच्या मशिदीच्या आणि अन्नछत्राच्या खर्चाला. बुर्सात रेशीम विकले गेले की दूर इस्तंबूलमध्ये भुकेल्याच्या ताटात भात पडे. वक्फ या शब्दाभोवती आज आपल्याकडे जो धुरळा उडतो तो क्षणभर बाजूला ठेवला, तर शहर चालवण्याची ही एक विलक्षण हिशेबी पद्धत होती हे मान्य करावे लागते.

१५०२ मध्ये याच बायझिदच्या कारकिर्दीत बुर्सासाठी बाजाराचे नियम लिहून काढण्यात आले. पाव, मांस, फळे, भाज्या, कापड, चामडे यांचे दर काय असावेत आणि माल कसा असावा, याची ती तपशीलवार यादी आहे. आजची तुर्की मानक संस्था हा जगातला पहिला मानकांचा कायदा असल्याचे अभिमानाने सांगते. ‘पहिला’ हा शब्द इतिहासात जपून वापरावा; कौटिल्याच्या वाचकाला तर तो खटकेलच. पण नियम करावे लागले यावरून लोक काय करत होते ते कळते. ताण्याचे धागे कमी करणारे विणकर आणि हलका रंग वापरणारे रंगारी होते, म्हणून तर नियम झाले.

या मागावर विणले जाई त्याची नावे आपल्याला परकी नाहीत. अतलस तर जसेच्या तसे. जरीचे, फुलांच्या बुट्ट्यांचे भारी कापड म्हणजे तुर्की ‘केमहा’, आपला किनखाब. पेशव्यांच्या जामदारखान्यातल्या याद्या वाचताना जो शब्द भेटतो त्याचा सख्खा भाऊ बुर्साच्या दप्तरात सापडतो. सुलतानाचे झगे, परदेशी वकिलांना द्यायचे सन्मानवस्त्र (आपला ‘खिलत’), ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या पाद्र्यांचे पायघोळ अंगरखे, हे सगळे बुर्साच्या कापडाचे असे.

आणि हे कापड विणणाऱ्यांत गुलाम होते. पंधराव्या शतकातल्या बुर्साच्या दप्तरांत याचे एक खास रूप दिसते. मालक आणि गुलाम यांच्यात काझीसमोर करार होई: अमुक इतके किनखाबाचे ताके विणून दिलेस की तू मोकळा. करार झाल्यावर मालकाला त्याला विकता येत नसे. इस्लामी कायद्यात ‘मुकातबा’ म्हणून ही तरतूद होतीच, पण बुर्साच्या विणकाम-मालकांनी तिचा वापर अगदी व्यवहारी हेतूने केला. किनखाब विणणे हे डोळ्यांचे आणि संयमाचे काम. चाबकाने ते होत नाही. सुटकेची तारीख समोर दिसत असेल तर माणूस धागा तुटू देत नाही. गंमत अशी (गंमत हा शब्द येथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) की असे सुटलेले कित्येक जण पुढे स्वतः मागवाले, व्यापारी झाले आणि त्यांच्या मृत्यूनंतरच्या याद्यांत त्यांच्या मालकीचे गुलाम नोंदलेले आहेत. या व्यवस्थेला क्रूर म्हणावे की उदार, याचा निकाल एका वाक्यात लागत नाही. मला स्वतःला त्यातले क्रौर्य अधिक जाणवते. माणसाच्या मोकळेपणाची किंमत ताक्यांत मोजली जात होती.

राजकारण आणि माग यांचा संबंध किती जवळचा, ते सेलीम पहिला याच्या काळात दिसले. इराणच्या शाह इस्माइलशी युद्ध पेटल्यावर १५१४ नंतर त्याने इराणी रेशमाच्या व्यापारावरच बंदी घातली, व्यापाऱ्यांचा माल जप्त केला. शाहचे नुकसान झाले असेल, पण बुर्साचे मागही थंडावले. १५२० मध्ये सुलेमान गादीवर आला तेव्हा त्याने बंदी उठवून जप्तीची भरपाई केली. पुढच्या शतकात बुर्साच्या मैदानातच तुतीची लागवड आणि किड्यांची जोपासना वाढत गेली. आणि ते काम घराघरांत शिरल्यामुळे बायकांचे झाले.

येथे दप्तर पुन्हा उपयोगी पडते. हाइम गर्बर या अभ्यासकाने सतराव्या शतकातल्या बुर्साच्या नोंदी तपासल्या. १६७८ मध्ये शहरातल्या रेशीम काढण्याच्या साधनांची मोजदाद झाली होती. सुमारे ३०० साधनांपैकी जवळपास निम्मी बायकांच्या हाती होती. याच बायका काझीकडे स्वतः जाऊन घरे विकतात, कर्ज देतात, भावाने वारसाहक्क बुडवला म्हणून दावा लावतात. ‘पौर्वात्य स्त्री पडद्यात होती’ असे एक सरसकट वाक्य युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवले आणि आपणही ते गिरवले. प्रवासी रस्त्यावरून चालला. काझीच्या दप्तरात तो डोकावला नाही.

बायकांची दुसरी जागा म्हणजे हमाम. झऱ्यांमुळे बुर्साला त्याची चैन होती. सुलेमानचा वजीर रुस्तम पाशा याने १५५२ मध्ये बांधलेले ‘येनी काप्लिजा’ आजही उभे आहे. लग्नाआधी नवरीचे न्हाण, बाळंतिणीचे चाळिसाव्या दिवसाचे न्हाण, हे सोहळे हमामात होत. लाकडी खडावा, कमरेचा पंचा, भरतकामाच्या रुमालात बांधलेले कपडे घेऊन बायका सकाळी जात आणि खाणेपिणे करून संध्याकाळी परत. त्या बांधलेल्या गाठोड्याला ‘बोहचा’ म्हणतात. कानाला आपले बोचके आठवते. मुलासाठी सून शोधणाऱ्या आयांना तर हमामासारखी जागा नव्हती. अंग पुसण्यासाठी विणलेले उभ्या फासांचे जाड कापड ही बुर्साची आणखी एक खासियत. इंग्रजांनी ते पाहिले, यंत्रावर विणले, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले, आणि कालांतराने ते ‘टर्किश टॉवेल’ या नावाने आपल्या दांडीवर येऊन पडले.

थंडीची सोय डोंगराने केली होती. उलुदागवरचा बर्फ कापून खेचरांवरून मुदान्याच्या बंदरात आणि तेथून होडीने इस्तंबूलच्या राजवाड्यात सरबतांसाठी जाई. कॉफीखान्यांचे वर्णन एव्लिया चेलेबीने केले आहे. तो १६४० मध्ये येथे आला होता. रमझानच्या रात्री कॉफीखान्यात करागोझचा खेळ लागे. करागोझ आणि हाजिवात या जोडगोळीची दंतकथा बुर्साचीच. ओरहानच्या मशिदीच्या बांधकामावर हे दोघे कामाला होते, त्यांच्या थट्टामस्करीत गवंडी काम विसरत, म्हणून सुलतानाने त्यांना मारले. मग पश्चात्ताप झाला तेव्हा शेख कुश्तेरी नावाच्या साधूने कातड्याच्या बाहुल्या करून पडद्यामागून त्यांना पुन्हा बोलते केले. कथा खरी असण्याचे कारण नाही. पण मजुरांना हसवल्याबद्दल देहदंड, ही कल्पना ज्या शहराला सुचली त्याला कामाच्या ठिकाणची शिस्त चांगली ठाऊक असणार. खेळात पडद्यावर एकामागून एक पात्रे येतात: आर्मेनियन, ग्रीक, ज्यू, अल्बेनियन, अरब, प्रत्येक जण आपापल्या ढंगाची तुर्की बोलत. अडाणी, पोटार्थी करागोझ प्रत्येकाचे बोलणे उलटे ऐकतो. २००९ मध्ये युनेस्कोने या कलेला वारशाच्या यादीत घेतले. पडद्यावरची ती पात्रे शाबूत राहिली. शहरातली राहिली नाहीत, आणि त्याचा संबंधही रेशमाशी आहे.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या, विशेषतः लियोंच्या, विणकर कारखान्यांना सूत हवे होते. १८४० च्या दशकापासून बुर्सात वाफेवर चालणाऱ्या रेशीमगिरण्या उभ्या राहू लागल्या. १८५५ च्या भूकंपाने शहर पडले, मशिदींचे घुमट कोसळले, पण गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या. आता कापड विणायचे नव्हते. कोष उकळून धागा काढायचा आणि तो परदेशी धाडायचा. गिरणीतल्या कामकरी जवळपास सगळ्या मुली आणि बायका, बहुतेक ग्रीक आणि आर्मेनियन. कोष उकळत्या पाण्यात टाकायचे, बोटांनी धाग्याचे टोक शोधायचे, चार-पाच कोषांचे धागे एकत्र करून फिरकीला लावायचे. आत मेलेल्या किड्यांचा दर्प, वाफ, सोललेली बोटे. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. डोनाल्ड क्वाटर्ट यांनी या मुलींवर लिहिले नसते तर त्या हिशेबाच्या वह्यांतच राहिल्या असत्या.

मधे किड्यांवर रोग पडला आणि सगळा धंदा बसला. त्यातून वर काढणाऱ्यांत केव्होर्क तोरकोम्यान या आर्मेनियन तज्ज्ञाचे नाव महत्त्वाचे. फ्रान्समध्ये मोंपेलिएला शिकून आलेल्या या माणसाच्या हाताखाली १८८८ मध्ये बुर्सात रेशीमविद्येची शाळा निघाली. मादी पतंगाने अंडी घातल्यावर तिला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, ती रोगी निघाली तर अंडी जाळायची, ही पाश्चरची पद्धत तेथे शिकवली जाई. साम्राज्यावर एवढे कर्ज होते की १८८१ पासून काही करांची वसुली युरोपीय सावकारांच्या मंडळाकडेच गेली होती, आणि बुर्साच्या रेशमावरचा कर त्यांपैकी एक. म्हणजे शाळा चालावी यात सावकारांचाही स्वार्थ होता. काही असो, तुतीच्या बागा पुन्हा भरल्या. मे महिन्यात गावोगाव घरातली बरी खोली किड्यांना मोकळी करून दिली जाई. किड्याच्या चार कात टाकण्यांना तिकडे चार ‘झोपा’ म्हणतात. शेवटच्या झोपेनंतर किडे पाला कुरतडतात त्याचा आवाज पावसासारखा येतो. मग कोषांची पोती कोझा हानच्या चौकात ओतली जात.

१९१० च्या ऑगस्टमध्ये गिरण्यांतल्या हजारो बायकांनी संप केला. कामाचे तास कमी करा, मजुरी वाढवा, एवढेच मागणे. पाच वर्षांनी, १९१५ मध्ये, बुर्साच्या आर्मेनियनांना घरांतून काढून वाळवंटाच्या दिशेने पाठवण्यात आले. १९२० ते १९२२ शहर ग्रीक फौजेच्या ताब्यात होते. ती फौज हरली तेव्हा तिच्यामागोमाग स्थानिक ग्रीक वस्तीही निघून गेली, आणि १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या कराराने परतीची दारे बंद झाली. उकळत्या पाण्यात धाग्याचे टोक शोधणारी बोटे सात-आठ वर्षांत शहरातून नाहीशी झाली. रेशीम पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही, यात आश्चर्य नाही. प्रजासत्ताकाने १९२५ मध्ये नवा रेशीम कारखाना काढला, १९३८ मध्ये मेरिनो लोकरीची मोठी गिरणी आली, पण कृत्रिम रेशीमही त्याच सुमारास आले. १९७१ पासून शहर मोटारींचे आहे.

गेलेल्यांच्या जागी आले तेही घर सोडून आलेले होते. १८७७-७८ च्या रशियाशी झालेल्या युद्धानंतर बाल्कनमधून हाकललेले मुसलमान निर्वासित लाटांनी बुर्साच्या परिसरात वसले. आज ‘बुर्साकडचे खास’ म्हणून जे खाल्ले जाते त्यातले काही त्यांच्या वळकटीतून आलेले आहे. जवळच्या इनेग्योल गावची कोफ्त्याची लांबट वळी, नुसते मांस, मीठ आणि कांदा, हा बल्गेरियातून आलेल्या एका निर्वासिताचा पदार्थ. इस्कंदर कबाब मात्र गावचाच: उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचे पातळ काप, खाली पावाचे तुकडे, वर टोमॅटोचा रस्सा, बाजूला दही, आणि ताट समोर ठेवल्यावर वरून ओतलेले कढत लोणी. इस्कंदर एफेंदी या माणसाच्या घराण्याच्या सांगण्याप्रमाणे हा प्रकार १८६७ पासूनचा. त्याबरोबर ‘शिरा’ पितात. आपला शिरा नव्हे, द्राक्षांचा किंचित आंबलेला रस. उलुदागच्या उतारावरचे चेस्टनट साखरेच्या पाकात मुरवून केलेली मिठाईही पेट्या भरभरून बाहेरगावी जाते. कोझा हानच्या चौकात आता चहाची टेबले मांडलेली असतात आणि ओवऱ्यांत रुमालांची दुकाने. २०१४ मध्ये युनेस्कोने बुर्साला जागतिक वारसा म्हटले, तेव्हा उस्मानी साम्राज्याच्या जन्माचा उल्लेख शीर्षकातच आला.

मागाचा आणखी एक प्रसंग सांगायचा राहिला. नाझिम हिकमेत हा कवी १९४० ते १९५० अशी दहा वर्षे बुर्साच्या तुरुंगात होता. आपल्या देशातल्या माणसांवरचे त्याचे प्रचंड काव्य बरेचसे तेथेच लिहिले गेले. ओरहान केमाल हा पुढे मोठा कादंबरीकार झालेला तरुण काही काळ त्याच्याच कोठडीत होता. इब्राहिम बालाबान नावाच्या खेड्यातल्या पोराला त्याने तेथे चित्रकार केले. आणि पोटासाठी नाझिमने तुरुंगात माग लावले. सुताचा भाव काय, कापड कुठे खपेल, बायकोला किती पाठवता येईल, याची गणिते तो कवितांच्या बरोबरीने करत असे. पाचशे वर्षांपूर्वी याच शहरात माणसे ताके मोजून मोकळी होत. नाझिमच्या ताक्यांना तशी किंमत नव्हती. १९५० मध्ये उपोषणानंतर, सर्वसाधारण माफीत तो सुटला, आणि पुढच्याच वर्षी देश सोडून गेला.